मुळीपासून गोळीपर्यंत : डॉ. रुस्तम वकील

मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींच्या गप्पा हटकून झोपेवर येतात. रात्री दोनला जाग येते, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. कुणी जुन्या चिठ्ठीवर झोपेची गोळी आणतो, कुणी सर्पगंधेच्या गोळ्या घेतो. झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार, अशी समजूत असते. ती पारखून घ्यायची तर डॉ. रुस्तम जाल वकील यांचे चरित्र पाहावे.

वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे रुग्ण पाहू लागले. तेव्हा उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. सर्पगंधेची मुळी मात्र निद्रानाशावर आणि वेडावर पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. तिने रक्तदाबही उतरतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यात १९३१ मध्येच नोंदवले होते. पण देशाबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना या मुळीच्या गोळ्या दिल्या, नियमाने रक्तदाब मोजला आणि १९४९ मध्ये निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. मग जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.

पण वापर वाढला तशी दुसरी बाजूही पुढे आली. रेसरपिनमुळे मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रिती होतात. त्यामुळे माणूस शांत होतो, रक्तदाब उतरतो. पण काहींना खोल नैराश्य आल्याच्या नोंदीही झाल्या. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. वकील १९७४ मध्ये निवर्तले.

म्हणून रक्तदाबाची गोळी चालू असताना परस्पर सर्पगंधा घेणाऱ्याने सावध व्हावे. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन रक्तदाब फार उतरू शकतो, नाडी मंदावते, रात्री लघवीला उठताना भोवळ येते. डायझेपामसारख्या गोळ्यांचाही म्हातारपणी धोका असतो. शरीरातून त्या बाहेर पडायला वेळ लागतो, अंमल दुसऱ्या दिवशीही राहतो. विसराळूपणा येतो, तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते.

तरीही वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय सवयींचा असतो : उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, दुपारची झोप आवरावी, संध्याकाळनंतर चहा टाळावा, झोप आल्यावरच अंथरुणावर जावे. दुखणे, खोकला, वारंवार लघवी किंवा मनातली काळजी झोप मोडत असेल तर आधी त्यावर उपचार करावेत.

औषध जुने म्हणून वकील यांनी ते हसण्यावारी नेले नाही आणि डोळे मिटून स्वीकारलेही नाही, मोजून पाहिले. आपणही किती वाजता झोपलो, कधी उठलो, कोणती गोळी घेतली, हे दोन आठवडे वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. पुढचा उपचार ठरवायला तिचा मोठा उपयोग होईल.