'दुनियादारी'वाले सुशि : हसवता हसवता खुनाचा छडा लावणारा लेखक

गोंदिया : 2013 साली 'दुनियादारी' सिनेमा आला आणि गावागावातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये त्याची गाणी वाजू लागली. दिग्या, श्रेयस, शिरीन ही नावं आजही आपल्याकडे तोंडपाठ आहेत. पण ही पात्रं ज्यांच्या लेखणीतून आली ते सुहास शिरवळकर सिनेमा येण्याच्या दहा वर्षं आधीच गेले होते. वाचक त्यांना लाडानं 'सुशि' म्हणत.

सुशि पुण्याचे. जन्म 15 नोव्हेंबर 1948 चा. साधारण 1974 पासून ते लिहू लागले, आणि सुरुवात केली ती प्रेमकथेपासून नाही, तर रहस्यकथेपासून. तेव्हा खेड्यात टीव्ही नव्हता. एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर पातळ, रंगीत कव्हरची पुस्तकं मिळायची. एका प्रवासात एक वाचून संपायचं, मग तेच पुस्तक दहा जणांच्या हाती फिरायचं. या धंद्यात बाबूराव अर्नाळकरांचा दबदबा मोठा. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचेच नायक. 1936 ते 1984 या काळात त्यांनी 1,092 रहस्यकथा लिहिल्या, अशी नोंद गिनीज बुकात झाली. अशा गर्दीत नव्या माणसानं जागा कशी करायची?

सुशिंनी जागा केली ती गमतीनं. त्यांचा फिरोज इराणी हा खासगी डिटेक्टिव्ह घ्या. खून पडलेला असतो, संकट डोक्यावर असतं, आणि या पठ्ठ्याची थट्टामस्करी चालूच! वाचणारा हसतो, जरा सैल होतो, आणि तेवढ्यात महत्त्वाचा धागा त्याच्या नजरेतून निसटतो. शेवटी उलगडा झाला की मग डोक्यावर हात मारायचा. म्हणजे विनोद नुसता तोंडी लावायला नव्हता, तो रहस्याच्याच कामी यायचा. बॅरिस्टर अमर विश्वास हा त्यांचा दुसरा गडी, कोर्टात लढणारा. इंग्रजीतला वकील पेरी मेसन ज्यांनी वाचलाय त्यांना त्याची आठवण येईल. दारा बुलंदचा बाज आणखी वेगळा, साहसकथेचा. मंदार पटवर्धनचे चाहतेही कमी नव्हते.

तरी रहस्यकथेला साहित्य मानतो कोण? 'टाइमपास' म्हणून ती बाजूला टाकली जायची. पोरं शाळेच्या पुस्तकात लपवून वाचायची आणि सापडली की मार खायची. ज्या पुस्तकांनी हजारोंना वाचायची सवय लावली, त्यांच्या वाट्याला मान आला नाही. हा अन्यायच म्हणायचा.

पुढे सुशि सामाजिक कादंबरीकडे वळले. 1982 ची 'दुनियादारी' पुण्याच्या एसपी कॉलेजच्या कट्ट्यावर घडते. सिनेमात गोष्ट बरीच बदलली आहे, तेव्हा सिनेमा पाहिला म्हणजे पुस्तक कळलं असं समजू नका. पुस्तक जास्त बोचतं. पण नीट पाहिलं तर हत्यार तेच जुनं आहे : चुरचुरीत बोलणं, पोट धरून हसवणं आणि हसता हसता एकदम चटका.

'समांतर'मध्ये तर ते पुन्हा रहस्याकडेच आले. इथे डिटेक्टिव्ह नाही. कुमार महाजन नावाच्या त्रासलेल्या माणसाला कळतं की आपलं आयुष्य आधीच कुणीतरी जगून गेलंय, त्याचं नाव सुदर्शन चक्रपाणी. मग त्या माणसाचा शोध सुरू होतो. मार्च 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या तोंडावर, स्वप्नील जोशीची याच नावाची वेब सिरीज आली आणि घरी अडकलेल्या लोकांनी ती मोबाईलवर पाहिली.

सुशि हे काहीच पाहू शकले नाहीत. 11 जुलै 2003 ला, आपल्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत, वयाच्या 54 व्या वर्षी ते गेले.

गावच्या वाचनालयात 'दुनियादारी' मागितली तर मिळूनही जाईल. सोबत फिरोज इराणी आहे का, तेही ग्रंथपालाला विचारून बघा. नसेल तर पुढच्या खरेदीच्या यादीत नाव टाकायला सांगा.