बो स्ट्रीटचा मॅजिस्ट्रेट : हेन्री फील्डिंग

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे पुढे बी.ए.ला इंग्रजी विषय घेतील त्यांच्या कानावर 'टॉम जोन्स' या कादंबरीचे नाव पडल्याशिवाय राहणार नाही. तिचा लेखक हेन्री फील्डिंग इंग्रजी कादंबरीच्या आद्य शिल्पकारांपैकी एक मानला जातो. पण आज तुम्हाला मी त्याच्या कादंबऱ्यांविषयी सांगणार नाही. हाच माणूस आयुष्याची शेवटची पाच-सहा वर्षे लंडनमध्ये मॅजिस्ट्रेट होता, आणि त्याचे ते काम माझ्या मते त्याच्या लेखनाइतकेच मोलाचे आहे.

फील्डिंगचा जन्म २२ एप्रिल १७०७ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट काउंटीत झाला. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. घराणे मोठे, पण पैसा टिकत नसे. ईटनच्या नामांकित शाळेत तो शिकला, काही काळ हॉलंडमधील लायडन विद्यापीठात गेला आणि परत येऊन लंडनमध्ये नाटके लिहू लागला. १७३० सालच्या एका नाटकात त्याने लाचखाऊ मॅजिस्ट्रेटची यथेच्छ टिंगल केली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे त्याच्या नाटकांचा रोख सरकारवर वळला. १७३७ मध्ये पार्लमेंटने नाटकांवर परवान्याचे बंधन आणले आणि त्याची रोजीरोटीच बंद झाली.

वय तीस, पाठीशी संसार, डोक्यावर कर्ज. अशा अवस्थेत हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत त्याने नाव घातले आणि इतरांना सहा-सात वर्षे लागत तो अभ्यास तीन वर्षांच्या आत संपवून १७४० मध्ये तो बॅरिस्टर झाला. वकिली मात्र फारशी चालली नाही. संधिवाताने पाय धरले होते. १७४४ मध्ये पत्नीही वारली.

आता त्या काळी इंग्लंडात मॅजिस्ट्रेट कसे नेमत ते पाहू. हा भाग थोडा किचकट आहे, पण तो समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. प्रत्येक काउंटीसाठी राजाच्या नावाने एक सनद निघे आणि तीत जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमलेल्यांची नावे असत. फिर्याद ऐकणे, वॉरंट काढणे, जामीन देणे, आरोपीला तुरुंगात धाडणे ही कामे त्यांची. किरकोळ गुन्हे ते स्वतः किंवा दर तीन महिन्यांनी भरणाऱ्या कोर्टात एकत्र बसून निकालात काढीत. लंडन भागातील मोठे गुन्हे ओल्ड बेली कोर्टात जात. या पदाला पगार नव्हता. कायद्याची पदवीही लागत नसे. लागे ती वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन! ज्याच्याकडे जमीन आहे तो लाच घेणार नाही, असा त्यामागचा हिशेब.

खेड्यापाड्यांत हा हिशेब कसाबसा जुळे. पण लंडन शहर आपल्या जुन्या वेशीबाहेर मिडलसेक्स काउंटीत पसरले होते. तेथील चोऱ्या, दारू आणि दंगली यांत फुकट लक्ष घालायला प्रतिष्ठित माणसे तयार नसत. मग त्या खुर्च्यांवर बसले ते फीवर जगणारे लोक. प्रत्येक वॉरंटाला फी, प्रत्येक जामिनाला फी. जितकी भांडणे जास्त तितकी कमाई जास्त! दोन शेजारणी भांडल्या की दोघींवर वॉरंट काढायचे, दोघींकडून जामिनाचे पैसे घ्यायचे. लोक त्यांना धंदेवाईक जस्टिस म्हणत. पालक बंधू-भगिनींनो, ज्या न्यायाधीशाची चूल गरिबांच्या भांडणावर पेटते, त्याच्या दारात गरिबाला इन्साफ कसा मिळावा?

१७४८ मध्ये फील्डिंगची वेस्टमिन्स्टर भागासाठी नेमणूक झाली आणि बो स्ट्रीटवरील जुन्या मॅजिस्ट्रेटच्या घरात तो राहायला गेला. साऱ्या मिडलसेक्ससाठी नाव यायचे तर जमिनीची अट आडवी आली. याच्याकडे तर कर्जाशिवाय काही नव्हते. तेव्हा बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या काही मालमत्तेचे भाडेपट्टे त्याच्या नावे करून दिले आणि जानेवारी १७४९ मध्ये त्याने काउंटीच्या मॅजिस्ट्रेटची शपथ घेतली. म्हणजे वशिला लागलाच, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्या खुर्चीची त्याने रंगभूमीवर टिंगल केली होती तीच आता त्याची झाली. शहाणे लोक हसले असतील. गरजू माणूस तेथे बसला की पुढे काय होणार, हे सर्वांना ठाऊक होते.

झाले ते निराळेच. हमाल, भिकारी यांची भांडणे तो समजुतीने मिटवू लागला. ज्याच्या खिशात शेवटचा शिलिंग उरला आहे त्याच्याकडून तो फी घेत नसे. पूर्वीचा एक मॅजिस्ट्रेट या जागेतून वर्षाला हजार पौंड मिळवीत असल्याची बढाई मारी. फील्डिंगच्या हाती तीनशेच्या आसपास पडत, आणि त्यातलाही मोठा वाटा कारकुनाला जाई. त्या पैशाची त्याला शिसारी होती. सरकारकडून थोडी रक्कम मिळे, पण तीही उघड पगार म्हणून नव्हे.

त्या काळी लंडनला आजच्यासारखे पोलीस नव्हते. चोर पकडणारे लोक बक्षिसासाठी काम करीत आणि बक्षिसासाठी निरपराध्यालाही अडकवीत. फील्डिंगने पाच-सहा विश्वासू कॉन्स्टेबल निवडून एक तुकडी उभी केली. हीच पुढे बो स्ट्रीट रनर्स म्हणून गाजली. चोरीची खबर ताबडतोब द्या, असे तो वर्तमानपत्रातून लोकांना सांगे. १७५१ मध्ये वाढत्या दरोड्यांच्या कारणांवर त्याने पुस्तक लिहिले आणि स्वस्त जिन दारूने गरीब वस्त्यांचा कसा नाश चालविला आहे ते मांडले. त्याच वर्षी जिनवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्या पुस्तकात शिक्षांविषयी त्याने जी कठोर मते दिली आहेत, ती मला पटत नाहीत.

हा मॅजिस्ट्रेट चुकलाही, आणि ती चूक एका बाईच्या जिवावर बेतली होती. जानेवारी १७५३ मध्ये एलिझाबेथ कॅनिंग नावाची अठरा वर्षांची मोलकरीण सुमारे महिनाभर बेपत्ता होऊन उपाशी अवस्थेत घरी परतली. आपल्याला एका घरात कोंडून ठेवले होते, असे तिने सांगितले. फील्डिंगने तिच्यावर विश्वास ठेवला. त्या घरातील व्हर्च्यू हॉल ही तरुणी साक्ष देताना अडखळू लागली, तेव्हा त्याने तिला तुरुंगात टाकण्याची धमकी दिली. मग तिने कॅनिंगच्या हकिकतीशी जुळणारी जबानी दिली! त्या जबानीच्या आधारे मेरी स्क्वायर्स या म्हाताऱ्या जिप्सी बाईला फाशीची शिक्षा झाली. लंडनचा मेयर गॅस्कॉइन याला संशय आला. त्याने पुन्हा चौकशी केली, हॉलने जबानी फिरविली आणि म्हातारी राजाच्या माफीने वाचली. १७५४ मध्ये कॅनिंगवरच खोट्या शपथेचा गुन्हा शाबीत होऊन तिला हद्दपार केले गेले. त्या महिन्यात खरे काय घडले ते आजही कोणाला माहीत नाही. पण धाक दाखवून काढलेली जबानी म्हणजे पुरावा नव्हे, हे एवढ्या हुशार कायदेपंडिताला त्या दिवशी दिसले नाही.

१७५३ च्या उत्तरार्धात लंडनमध्ये खून आणि दरोडे यांचे सत्र सुरू झाले. फील्डिंग हवापालटासाठी बाथला निघण्याच्या तयारीत होता. सरकारने त्याला बोलावून उपाय विचारला. त्याने सहाशे पौंडांची योजना दिली, प्रवास रद्द केला आणि थोड्याच दिवसांत ती टोळी मोडली. त्याची प्रकृती मात्र पुरती ढासळली. जलोदर झाला, पाय निकामी झाले. जून १७५४ मध्ये पोर्तुगालला नेताना त्याला खुर्चीत बसवून दोरांनी जहाजावर ओढून घ्यावे लागले. ८ ऑक्टोबर १७५४ रोजी लिस्बन येथे तो वारला. वय अवघे ४७ होते.

बो स्ट्रीटची ती खुर्ची त्याच्या सावत्र भावाकडे, जॉन फील्डिंगकडे गेली. जॉन एकोणिसाव्या वर्षापासून आंधळा होता. तरीही १७८० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ते काम केले आणि १७६१ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. या आंधळ्या मॅजिस्ट्रेटवर खरे तर स्वतंत्र लेख लिहायला हवा.

तुमच्यापैकी कोणी उद्या कायद्याची पदवी घेऊन, स्पर्धा परीक्षा देऊन न्यायदंडाधिकारी झाला तर त्याला दरमहा पगार मिळेल, आणि पक्षकाराच्या खिशाकडे पाहण्याची गरज त्याला पडणार नाही. हे आपल्याला साधे वाटते. इंग्लंडच्या पार्लमेंटने लंडनसाठी पगारी मॅजिस्ट्रेट नेमण्याचा कायदा केला तो १७९२ मध्ये, म्हणजे हेन्रीच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी. सात कचेऱ्या उघडल्या, प्रत्येकीत तीन मॅजिस्ट्रेट नेमले आणि प्रत्येकाला वर्षाला ४०० पौंड ठरले. फी मात्र आता मॅजिस्ट्रेटच्या खिशात जायची नव्हती.