भीमाशंकरची घंटा आणि वसईचा संत

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे कोकणाशी असलेले नाते सातवाहनांच्या काळाइतके जुने आहे. नाणेघाट उतरून मालाचे तांडे सोपाऱ्याच्या बंदराकडे जात. सोपाऱ्याशेजारची वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. त्या विजयानंतर आणलेली मानली जाणारी चर्चची भली मोठी घंटा भीमाशंकरला शनिमंदिरापाशी पाहावयास मिळते. अशीच दुसरी घंटा वाईजवळील मेणवलीस असून तिच्यावर बाल येशूला कडेवर घेतलेल्या मरियामातेची आकृती आणि १७०७ हे साल आहे. या घंटांसमोर भक्तिभावाने हात जोडले जातात. मात्र ज्या वसईतून त्या आल्या, तेथील संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव घाटावर फारसे कोणाला ठाऊक नसते.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. किल्ल्यातील जेजुइट धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि ऐन किशोरवयात ते त्या गुरूंबरोबर जपानला गेले. जपानी भाषा त्यांनी इतक्या सफाईने आत्मसात केली, की सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षणाच्या कामात ते मिशनचा आधारच बनले. जेजुइट संघात आपल्याला व्रतस्थ म्हणून घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. ज्यांच्यासाठी उमेदीची वर्षे वेचली, त्यांनीच दार लावून घेतले. हा घाव लहान नव्हता.

गोन्सालो व्यापारात शिरले आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. पण मन रमले नाही. मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर पडेल ते काम करणारा साधा धर्मबंधू म्हणून. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिन्सहून जपानला शिष्टमंडळ निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालोंनाच नेण्यात आले. जपानचा सर्वाधिकारी टोयोटोमी हिदेयोशी याच्यासमोर हा वसईकर उभा राहिला. पुढे क्योटोत फ्रान्सिस्कनांनी मठ बांधला, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यातून उठलेल्या संशयाच्या वावटळीत हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना अटक करविली. जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यात आली आणि भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत शेकडो मैल नेण्यात आले. वाटेत दोघांची भर पडून संख्या २६ झाली. त्यांत कोवळी मुलेही होती. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघ्या १२ वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. क्रुसाकडे सर्वांत आधी गेले ते गोन्सालो, असे परंपरा सांगते. ज्या संघाने त्यांना नाकारले होते, त्या जेजुइट संघाचे तिघे जपानी त्याच रांगेत होते.

१६२७ मध्ये रोमने या हुतात्म्यांना धन्य घोषित केले. पुढे १७३९ नंतर वसई किल्ल्यातील मठ ओस पडले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद दिले आणि गोन्सालो भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

नागासाकीत याच २६ हुतात्म्यांच्या नावे ओउरा येथे चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी शेजारच्या उराकामीतील काही शेतकरी तेथे आले. त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंकडे हळूच चौकशी केली ती मरियामातेच्या मूर्तीची. धर्मगुरूंवाचून, बंदीच्या धाकाखाली, अडीचशे वर्षे त्यांच्या घराण्यांनी श्रद्धा गुप्तपणे जपली होती. त्या दिवशी प्रथमच ती उघड झाली. छळ मात्र त्यानंतरही काही वर्षे चालूच राहिला.

निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये स्मारक उभारण्यात आले असून सव्वीस मूर्तींच्या त्या रांगेत गोन्सालोही आहेत. इकडे वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे आणि वसईतील एका महाविद्यालयालाही त्यांचेच नाव दिलेले आहे.