ऋणमोचनाचा वाटसरू : श्रीसंत गाडगे महाराज

आपल्या वार्षिक स्मरणिकेत समाजातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा परिपाठ आम्ही यंदाही पाळीत आहो. श्रीसंत गाडगे महाराजांचे नाव घेताना आम्हास अभिमान वाटतो, तसा थोडा संकोचही वाटतो. कारण ज्या पुरुषाने जन्मभर जातीचे कुंपण मानले नाही, त्याला आपल्या जातीचा म्हणून मिरविणे त्यास खचित आवडले नसते. तथापि परिटाच्या घरी जन्मास येऊन, परिटाच्या घरातील दैन्य व धास्ती यांचा अनुभव घेऊनच ते घडले, हे विसरणेही योग्य नव्हे. त्यांचा खराटा सर्वांस ठाऊक आहे. पैशाची भीती त्यांनी कशी जिंकली, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तोच आज ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली निवर्तले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळेचा उंबरठा त्याने ओलांडला नाही.

मामा चंद्रभान हा कष्टाळू, पण अक्षरशत्रू गृहस्थ होता. सावकाराच्या कागदावर त्याने विश्वासाने अंगठा उठविला आणि त्याच कागदाने घरची जमीन गेली. त्या धक्क्याने मामाने अंथरूण धरले व त्यातच त्याचा अंत झाला. कर्ज माणसास आधी आतून पोखरते व मग बाहेरून लुटते, हे डेबूजींनी तारुण्याच्या उंबरठ्यावरच पाहिले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा हा तरुण नांगर सोडून हटला नाही. अखेर सावकारालाच तडजोडीवर यावे लागले. गावाने त्यांच्या धैर्याचे कौतुक केले; परंतु डेबूजींच्या मनाने घेतलेला धडा याहून खोल होता. केवळ सावकार दुष्ट म्हणून घरे बुडत नाहीत. लोक काय म्हणतील या भयाने रीण काढून जेवणावळी घालणारेही आपले घर आपल्या हातांनी बुडवितात, हे त्यांनी ओळखले.

या ओळखीची पहिली कसोटी त्यांच्या स्वतःच्या घरीच लागली. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू यांची पंगत व्हावयाची. डेबूजींनी ती बंद करून गोड जेवण वाढले. भाऊबंद रुष्ट झाले, कुजबूज झाली. पण ते ढळले नाहीत. त्या काळी पंचांचा रोष ओढवून घेणे ही लहान गोष्ट नव्हती. बलुत्यावर जगणाऱ्या घराला चार घरांची मर्जी राखावी लागे. डेबूजींनी ती मर्जी पणास लावली, पण कर्ज काढले नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी व मडक्याचे खापर एवढाच संसार बरोबर होता. हेच खापर जेवणाचे ताट, पाण्याचे भांडे आणि उन्हात डोक्यावरची टोपी होई. त्या गाडग्यावरूनच त्यांना गाडगेबाबा हे नाव पडले. यानंतर सुमारे बारा वर्षे ते अनोळखी गावांतून हिंडले. रस्त्यात गाडी रुतलेली दिसली की चाकास खांदा द्यावा, म्हातारीच्या डोक्यावरील मोळी आपल्या डोक्यावर घ्यावी, शेतकऱ्याच्या कापणीस हात लावावा आणि मजुरीची वेळ आली की निघून जावे, असा त्यांचा क्रम असे. भूक लागली म्हणजे कोणाच्या दारी लाकडे फोडून किंवा अंगण झाडून मग भाकर घ्यावयाची. पैसा कोणी दिला तरी घ्यावयाचा नाही.

आम्हास यात एक मर्म दिसते. ज्याच्याजवळ काहीच नाही, तोही दररोज कोणास काहीतरी देऊ शकतो आणि देणाऱ्या हाताला उद्याची धास्ती कमी वाटते, हे या भ्रमंतीत त्यांनी आपल्या देहावर तपासून पाहिले. आज कोणाच्या मोळीस खांदा दिला, उद्या कोणी भाकर दिली. देणारा व घेणारा एकमेकांस पुन्हा भेटलेही नसतील. तरीही ते उपाशी मेले नाहीत. जग केवळ हिशेबावर चालत नाही, ही खात्री त्यांना पोथीतून मिळाली नव्हती. ती रस्त्यावर मिळाली होती.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीच्या निसरड्या चिखलात यात्रेकरू घसरून पडत. १९०८ साली महाराजांनी स्वतः मातीच्या पाट्या वाहून तेथे घाटाच्या कामास आरंभ केला, आणि पाहता पाहता लोकांचे हात त्यांस येऊन मिळाले. पुढे वर्षानुवर्षे ते त्या यात्रेत आंधळे, पांगळे व महारोगी यांस अन्न व वस्त्र देत राहिले. ज्या पुरुषाच्या मामाचा जीव ऋणाने घेतला, त्याने आपल्या लोकसेवेचा पहिला दगड ऋणमोचनाच्या काठी बसवावा, हा योग आम्हास अर्थपूर्ण वाटतो.

पुढे त्यांच्या कीर्तनास हजारोंचा समुदाय लोटू लागला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, परगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातलगांसाठी, निवारा झाला. हे सारे लोकवर्गणीतून घडले. पण त्या द्रव्यास महाराजांनी आपले मानले नाही. व्यवहार विश्वस्तांकडे असे, आणि आपल्या कुटुंबीयांचा वा वारसांचा या संस्थांवर कोणताही हक्क नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. जे बांधले तेही हातून सोडता आले, यात त्यांच्या निर्भयतेची पूर्णता आहे.

एक प्रश्न येथे टाळून चालणार नाही. परक्यांस छत्र देणाऱ्या या पुरुषाची आई, पत्नी व मुले यांनी मात्र हाल सोसले. १९२३ साली मुलगा गोविंद वारला. ती वार्ता कळूनही महाराजांचे कीर्तन थांबले नाही, असे सांगतात. हे वैराग्य प्रत्येकास झेपणारे नाही, आणि ते प्रत्येकाने अंगीकारावे असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सखुबाई व कुंताबाई यांनी मुकाट्याने भरलेले मोल विसरून महाराजांचा गौरव करणे हे अर्धे स्मरण होय. महाराजांनीही संसारी माणसास घर सोडावयास सांगितले नाही. त्यांचे सांगणे साधे होते: कर्ज काढून सण, लग्न वा तीर्थयात्रा करू नये, दारूस शिवू नये, ताटाविना हातावर भाकर खावी लागली तरी चालेल, पण मुलांस शिकवावे, आणि भुकेल्यास आपल्या घासातला घास द्यावा. काटकसर व औदार्य या दोन गोष्टी त्यांनी एकाच मुठीत ठेविल्या.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावनजीक महाराजांनी देह ठेविला. त्यांची समाधी अमरावती येथे आहे. पुढे शासनाने ग्रामस्वच्छतेच्या अभियानास आणि अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले. हे गौरव यथायोग्यच आहेत. पण नाव देण्याने आपले काम संपत नाही.

आज आपल्या समाजातील पुष्कळ तरुण शिकले, नोकरीस लागले. काहींनी पिढीजात धंदा नव्या यंत्रांनिशी वाढविला. तरीही उद्याची धास्ती गेली नाही. घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न यांच्या चिंतेने झोप उडालेली घरे आम्ही पाहतो. आणि त्याच घरांत लग्नाच्या मांडवावर ऐपतीबाहेर खर्च होतानाही पाहतो. लोकलाजेस्तव खर्चावयास पैसा असतो, आणि दारच्या अनोळखी माणसास द्यावयास नसतो. मामा चंद्रभानाचे घर ज्या वाटेने गेले, तीच ही वाट आहे.

म्हणून आमची समाजबांधवांस व भगिनींस विनंती एवढीच की, येत्या पुण्यतिथीस हारतुऱ्यांचा खर्च आवरावा. घरातील एक जेवणावळ कमी करावी, आणि दररोज एक मूठ धान्य किंवा तितकाच पैसा बाजूला काढून आपल्या गावच्या रुग्णालयाच्या दाराशी बसलेल्या परगावच्या माणसापर्यंत पोहोचवावा. त्याची जात विचारू नये, आणि तो परत भेटेल ही अपेक्षाही ठेवू नये. मूठभर देऊनही आपले पोट भरते, हे ज्या घराने रोज अनुभविले, त्या घरातील धास्ती हळूहळू ओसरू लागेल, असा आमचा विश्वास आहे.