मोल न घेणारे विष्णुबुवा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं होत असताना वै. विष्णुबुवा जोग महाराजांची आठवण व्हायलाच हवी. कारण ज्या प्रश्नावर आपल्या बैठकीत हल्ली आवाज चढतात, त्याचं उत्तर बुवांनी आपल्या जगण्यातून देऊन ठेवलं आहे.

बुवांचा जन्म १४ सप्टेंबर १८६७ रोजी पुण्यात झाला. पेशवाईत याच पुण्यात श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी पुढे त्यातला पैसा शिक्षणाकडे वळवला. विद्या आली की दक्षिणा आलीच, अशी त्या शहराची रीत होती.

बुवांना तरुणपणी नाद होता कुस्तीचा. तालमीत कमावलेलं शरीर आणि स्वभाव रोखठोक. पुढे मन परमार्थाकडं वळलं, तेव्हा ते आळंदीला गेले आणि माउलींच्या समाधीपुढं माळ घातली. लग्न केलं नाही. गुरू माउली, मग त्यांना दक्षिणा तरी काय द्यायची? बुवांनी सगळा जन्मच देऊन टाकला.

कथेचं मोल घेणारा आणि देणारा, दोघांनाही तुकोबारायांनी दोष दिला आहे. हे सांगणारे पुष्कळ, पाळणारे थोडे. बुवांनी ते पाळलं. गावोगाव कीर्तनं केली, पण पैसा घेतला नाही. त्यामुळं त्यांना कुणाची भीड धरावी लागली नाही. ज्याच्या हातून पाकीट घ्यायचं, त्याचे दोष त्याच्यासमोर कसे सांगणार?

१९१७ साली त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. पोरांनी माधुकरी मागून पोट भरायचं आणि ज्ञानेश्वरी, गाथा शिकायचा. शिकवण्याचं मोल नाही. मिळालेलं ज्ञान पुढच्याला तसंच द्यायचं, हीच गुरुदक्षिणा. बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर अशा शिष्यांनी तो वसा पुढं नेला. सार्थ गाथा लिहून बुवांनी तुकोबाराय साध्या माणसाच्या हाती दिले. ५ फेब्रुवारी १९२० रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. संस्था आजही चालू आहे.

आता आपलं. यवतहून वरवंडला जाताना तुकोबारायांची पालखी आपल्या चौफुल्यावरून जाते. तिच्यापुढं आपण हात जोडतो, आणि सप्ताह आला की पहिला प्रश्न विचारतो, महाराज किती घेतात? आकडा मोठा असला तर वर्गणी वाढते, आणि गरिबाच्या घरी वर्गणीला जाताना आपलीच पावलं जड होतात.

दुसरी बाजूही खरी. कीर्तनकाराला घरदार आहे, मृदंगमण्याला पोरंबाळं आहेत, गाडीला तेल लागतं. बुवा एकटे होते, सगळ्यांना तसं राहता येणार नाही. म्हणून येण्याजाण्याचा खर्च आणि शिधा गावानं आनंदानं द्यावा. तो मान आहे. पण आधी आकडा ठरवून हरिकथेचा सौदा करू नये. आणि गावातल्या पोरांना पखवाज, हरिपाठ शिकवणाऱ्यांनी फी न घेता शिकवावं, जसं आपल्या जुन्या माळकऱ्यांनी आपल्याला शिकवलं.

शताब्दीच्या वर्षी एवढा ठराव झाला, तरी बुवांची दक्षिणा थोडी फिटली असं म्हणू.