हायब्रीड मक्याचा हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ

अमेरिकेतील आयोवा राज्यात १९३६ च्या सुमारास मक्याच्या एकूण क्षेत्रापैकी जेमतेम दहा टक्के क्षेत्रावर संकरित बियाणे पेरले जात होते. पुढच्या चार वर्षांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात गेले. दक्षिणेकडील अलाबामात मात्र पहिला दहा टक्क्यांचा टप्पा गाठायलाच आणखी दशकभर जावे लागले. देश एक, पीक एक, बियाण्याचे तत्त्वही एकच. मग एवढे अंतर का पडावे? दक्षिणेचा शेतकरी अडाणी, जुन्याला चिकटून राहणारा, हे उत्तर देणे सोपे होते. ते उत्तर अपुरे आहे, हे आकडेवारीच्या आधारे दाखवून देणारा संशोधक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. तो अमेरिकेत जन्मलेला नव्हता आणि माध्यमिक शाळेत रीतसर शिकलेलाही नव्हता. झ्वी ग्रिलिकेस हे त्याचे नाव. शेतीच्या अर्थशास्त्रात अर्थमितीची हत्यारे कशी वापरावीत याचा वस्तुपाठ म्हणून त्यांचा १९५७ चा निबंध आजही अभ्यासला जातो.

ग्रिलिकेस यांचा जन्म १२ सप्टेंबर १९३० रोजी लिथुआनियातील काउनास शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. १९४१ मध्ये नाझी फौजा शहरात शिरल्या आणि कुटुंबाची रवानगी ज्यूंसाठी बंदिस्त केलेल्या वस्तीत झाली. १९४४ मध्ये त्यांना डाखाऊच्या छळछावणीत नेण्यात आले. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने सुटका केली तेव्हा हा मुलगा पोरका झाला होता. १९४७ मध्ये पॅलेस्टाइनकडे निघालेले जहाज ब्रिटिशांनी अडवले आणि सुटकेनंतर दोन वर्षांनी पुन्हा छावणीच नशिबी आली, या वेळी सायप्रसमधली. तेथून सुटल्यावर त्यांनी किब्बुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, काम केले, काही काळ सैन्यात काढला आणि स्वतःच अभ्यास करून शालान्त परीक्षेच्या तोडीची परीक्षा दिली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात वर्षभर इतिहास शिकून १९५१ मध्ये ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे कृषी अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तेथे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण संपवून ते शिकागो विद्यापीठात थिओडोर शुल्ट्झ यांच्याकडे आले. शेतकरी गरीब असला तरी तो हिशेबी असतो, अशी शुल्ट्झ यांची धारणा होती. पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

संकरित मका हा ग्रिलिकेस यांच्या प्रबंधाचा विषय होता. एखादी नवी वस्तू पसरू लागली की तिचा आलेख बहुधा इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. सुरुवात रेंगाळत होते, मध्ये झपाटा येतो आणि शेवटी वेग मंदावून वक्र सपाट होतो. ग्रिलिकेस यांनी अमेरिकी कृषी खात्याची राज्यवार आणि जिल्हावार आकडेवारी घेतली, तिला गणिती रूपांतराने सरळ रेषेत आणले आणि न्यूनतम वर्ग पद्धतीने प्रत्येक भागासाठी तीन संख्या काढल्या. प्रसार कधी सुरू झाला, किती वेगाने झाला आणि कोठे जाऊन थांबला. वर्णन करणे एवढाच हेतू असता तर काम येथे संपले असते. ग्रिलिकेस यांनी त्या तीन संख्यांनाच प्रश्न विचारले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याकडे नव्हतेच. संकरित मका म्हणजे सर्वत्र चालणारे एखादे बियाणे नव्हते. वाण तयार करण्याची ती एक रीत होती, आणि प्रत्येक हवामानासाठी, प्रत्येक मातीसाठी नवे वाण घडवावे लागे. बियाणे कंपन्या साहजिकच आधी तेथे गेल्या, जेथे मक्याचे क्षेत्र दाट आणि विक्रीचा खर्च कमी होता. अलाबामाचा शेतकरी मागे राहिला याचे एक मोठे कारण हे की त्याच्या शेताला मानवेल असे बियाणेच त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचले. वेग आणि अंतिम मर्यादा या दोन गोष्टी मात्र शेतकऱ्याच्या हाती होत्या. तेथे एकरी किती जास्त पिकेल, हा हिशेब निर्णायक ठरला.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण १९६४ मध्ये आले आणि पुढे खरिपात ‘हायब्रीड’ हा शब्दच त्या ज्वारीचे नाव होऊन बसला. सोलापूर, मंगळवेढ्याकडच्या रब्बीत मात्र मालदांडीच टिकून राहिली. शेतकरी तोच होता. ओल, कडबा आणि भाकरीची चव यांचा हिशेब वेगळा होता.

समाजशास्त्रज्ञांना ग्रिलिकेस यांचे म्हणणे रुचले नाही. आयोवातील दोन गावांचा अभ्यास करून ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्येच शेजाऱ्याच्या अनुभवाचे महत्त्व दाखवले होते. सारे काही नफ्यावर नेऊन ठेवणाऱ्या या तरुणाशी ग्रामीण समाजशास्त्राच्या नियतकालिकात बरीच खडाजंगी झाली. आज पाहता दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या. गावात आधी कोण पेरतो हे शेजार ठरवतो. कोणत्या प्रांतात आधी पेरले जाते हे बाजार ठरवतो. ग्रिलिकेस यांची तेव्हाची भाषा गरजेपेक्षा अधिक ठाम होती, असे म्हणायला हरकत नाही.

अधिक गाजला तो १९५८ चा निबंध. शेतीसंशोधनावर खर्च झालेला पैसा समाजाला काय देतो, हा त्याचा विषय. सरकारी प्रयोगकेंद्रे आणि खासगी कंपन्या यांनी १९१० पासून केलेला खर्च ग्रिलिकेस यांनी व्याजासह १९५५ पर्यंत आणला. संकरित मक्याने उत्पादन सुमारे पंधरा टक्के वाढते असे धरून समाजाचा वार्षिक लाभ काढला आणि महाग बियाण्याचा जादा खर्च त्यातून वजा केला. उत्तर आले वर्षाला सातशे टक्के. संशोधनावर गुंतलेल्या प्रत्येक डॉलरमागे दरवर्षी सात डॉलर.

हा आकडा पंख फुटल्यासारखा पसरला. कृषी संशोधनाला निधी मागणाऱ्या प्रत्येकाला तो हवाहवासा वाटला. परंतु गुंतवणुकीवरील परताव्याचा नेहमीचा दर त्याच आकड्यांवरून काढला तर तो ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास येतो. तोही घसघशीतच आहे, पण सातशे नव्हे. शिवाय मका हे यशस्वी झालेल्या संशोधनाचे उदाहरण होते. तेलाच्या कोरड्या निघालेल्या विहिरींचा खर्च न धरता एकाच भरलेल्या विहिरीचा नफा मोजावा, तसा हा प्रकार. ही मर्यादा ग्रिलिकेस यांनी निबंधातच मान्य केली होती. ती सांगायची राहून गेली आणि आकडा तेवढा फिरत राहिला.

चांगला शेतकरी खतही जास्त घालतो आणि मशागतही नीट करतो. पीक वाढले तर श्रेय खताला किती आणि शेतकऱ्याच्या कसबाला किती? कसब मोजता येत नाही म्हणून ते समीकरणातून वगळले, तर खताचे श्रेय फुगते. उत्पादन समीकरणांतील ही चूक कोणत्या दिशेने जाते, हे ग्रिलिकेस यांनी १९५७ मध्येच दाखवले होते. पुढे १९६३ आणि १९६४ च्या निबंधांत त्यांनी अमेरिकी शेतीची उत्पादकता का वाढली याचा शोध घेतला. मजूर आणि यंत्रे यांच्या वाढीने समजावता न येणारा जो भाग अर्थशास्त्रज्ञ तंत्रप्रगती म्हणून सोडून देत, तो त्यांना डोळ्यांत खुपत असे. त्यांनी शेतकऱ्यांचे शिक्षण, यंत्रांचा बदललेला दर्जा, मोठ्या प्रमाणावरील शेतीचा फायदा आणि संशोधनावरील सार्वजनिक खर्च हे घटक समीकरणात आणले. न उलगडलेला भाग बराच आटला.

१९६५ मध्ये त्यांना चाळिशीच्या आतील अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांना मिळणारे जॉन बेट्स क्लार्क पदक मिळाले. १९६९ मध्ये ते हार्वर्डला गेले आणि पेटंट, उद्योगांतील संशोधन अशा विषयांकडे वळले. पद्धत मात्र मक्याच्या शेतात घडलेलीच राहिली. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात त्यांनी उणीव दाखवली ती सिद्धांतांची नव्हे, आकडेवारीची. अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्यांनी गोळा केलेले आकडे वापरतात आणि ते कच्चे निघाले की तक्रार करतात, ही त्यांची जुनी खंत होती. ग्राहक किंमत निर्देशांक महागाई फुगवून दाखवतो का, हे तपासणाऱ्या बॉस्किन आयोगाचे ते सदस्य होते; आयोगाचा अहवाल १९९६ मध्ये आला.

४ नोव्हेंबर १९९९ रोजी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. संशोधन, शिक्षण आणि उत्पादकता यांवरील आपल्या चार दशकांच्या कामाचा मागोवा घेणारे त्यांचे छोटेखानी पुस्तक २००० मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले.