सोबत्यांच्या स्मृतीसाठी नव्वद किलोमीटर

दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन या शहरांदरम्यान दरवर्षी होणाऱ्या 'कॉम्रेड्स' शर्यतीचे जनक विक क्लॅपहॅम हे व्यवसायाने रेल्वेचे इंजिनचालक. १८८६ मध्ये लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. बालपणीच ते आफ्रिकेत आले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर त्यांनी सुमारे २,७०० किलोमीटर पायपीट केली. तेथे गमावलेल्या सोबत्यांचे स्मारक माणसाच्या सहनशक्तीतूनच उभे राहावे, असा ध्यास त्यांनी घेतला. माजी सैनिकांच्या संघटनेला मात्र एवढी दौड अमानुष वाटली. साधे शिपाई इतके चालू शकतात, तर सराव केलेला धावपटू नव्वद किलोमीटर का धावणार नाही, हा क्लॅपहॅम यांचा युक्तिवाद पटायला १९२१ साल उजाडले. खर्चासाठी एक पौंड मिळाला, तोही परतीच्या बोलीवर! २४ मे रोजी ३४ जण धावले, १६ जणांनी शर्यत पूर्ण केली.

याच पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावर १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवण्यात आले होते. शर्यतीलाही वर्णभेद चुकला नाही. गोऱ्या पुरुषांखेरीज इतरांना अधिकृत प्रवेश मिळाला तो थेट १९७५ मध्ये. क्लॅपहॅम त्यापूर्वीच, १९६२ मध्ये निवर्तले होते. बारा तासांची मुदत संपता संपता पोहोचणाऱ्यांना आज त्यांच्या नावाचे पदक दिले जाते.